दोनदा घातलेलं तेल

एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरातले दोन सख्खे भाऊ एकाच शेडमध्ये, एकाच गाडीवर काम करत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी शेडवर नवे पत्रे घातले होते, आणि नवे पत्रे जुन्यांपेक्षा जास्त तापतात हे मला तेव्हा कळलं.

थोरले म्हणजे माझे यजमान. त्यांना लहानथोर सगळे मिस्त्री म्हणत. धाकटे माझे दीर. सासरे गेले तेव्हा भाऊजींना धड पाना धरता येत नव्हता. मिस्त्रींनी त्यांना शेडमध्ये उभं केलं, बोटांवर बोटं ठेवून आटे कसे बसवायचे ते शिकवलं, आणि पुढे गाड्यांमध्ये एसी येऊ लागले तसे दोघं मिळूनच ते काम शिकले. आसपासच्या गावांत गाडीतली हवा गार करून देणारं दुसरं कुणी नव्हतं. घराच्या पुढे अंगण, अंगणापलीकडे रस्त्याला लागून शेड, आणि घरामागे आमचं वावर. त्यात त्या वर्षी कांदा होता.

अबोला सुरू झाला तो एका स्क्रूवरून. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा डॅशबोर्ड बसवताना मिस्त्रींच्या हातून बारीक स्क्रू खाली पडला. त्यांनी शोधून पुन्हा लावला, पुन्हा पडला. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं होतं. भाऊजी पुढे झाले, त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाले, "दादा, राहू दे. तुझा हात हलतो."

झालं एवढंच. मिस्त्रींनी हात धुतले, घरात आले, तांब्याभर पाणी प्यायले. हात हलतो हे मला माहीत होतं. वर्षभर ते चहाचा कप अर्धाच भरायला सांगत होते. पण ते घरातलं होतं. चारचौघांत, तेही हाताखाली वाढलेल्या भावाच्या तोंडून ऐकल्यावर ते जे गप्प झाले ते झालेच. भाऊजीही हट्टी. आपण खोटं काय बोललो, असं त्यांचं म्हणणं.

मग मी टपालखातं झाले. शेडमध्ये कामाच्या ओट्यापाशी मिस्त्री, गाडीखाली भाऊजी, मध्ये मी.

"त्याला सांग, बारा नंबरचा पाना हवाय."

"वहिनी, त्यांना सांगा, त्यांच्याच खिशात आहे."

सासूबाई घराच्या उंबऱ्यावर शेंगा सोलत बसलेल्या असत. त्या म्हणायच्या, "अगं, पोस्टमनला निदान सायकल देतात. तूही एक मागून घे."

काही दिवसांनी भाऊजींनी माझ्याकडे वेगळाच निरोप दिला. "वहिनी, दादाला सांगा, फाट्यावर एक गाळा मिळतोय. मी तिकडे जाईन म्हणतो."

मिस्त्री ओट्यावर हवेच्या नळ्या पुसत होते. ऐकून त्यांनी नळी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "सांग त्याला, खुशाल जा. पण हातातली गाडी पुरी करून. अर्धी गाडी सोडून जायची रीत नाही आपल्यात. ही गाडी गेली की हत्यारं वाटून घेऊ."

हातातली गाडी फुलवालीची होती.

फुलवाली म्हणजे नदीपलीकडच्या मळ्यातली बाई. नवरा गेल्यावर तिने ऊस मोडून गुलाब आणि निशिगंध लावला होता. एक जुनी पांढरी गाडी घेऊन तिचं मागचं बाक काढून टाकलं होतं. पहाटे फुलं तोडायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत रचायची, एसी लावायचा आणि शहराचा बाजार गाठायचा. स्वतः घामाने भिजली तरी चालेल, पण फुलांना वारा लागला पाहिजे. आम्ही तिला हसायचो. "माणसं घामात आणि फुलं थंड हवेत," असं म्हटलं की ती म्हणायची, "माणूस कोमेजलं तरी विकायचं नसतं ना."

त्या उन्हाळ्यात तिच्या गाडीचा कंप्रेसर करकरायला लागला आणि त्याच्या सीलमधून गॅस जायला लागला. म्हणून गाडी आमच्याकडे आली. भाऊजींनी कंप्रेसर खोलून खाली काढला. त्यातलं जुनं तेल मोजून घ्यायचं असतं, म्हणजे नवं तितकंच भरता येतं. त्यासाठी आमच्याकडे माझ्या जाऊबाईंच्या लेकीची जुनी दुधाची बाटली होती, रेघा असलेली. जुनं काळपट तेल बाटलीत काढलं, रेघ बघितली, बाटली ओट्यावर ठेवली. भाऊजींनी नवं सील आणि बेअरिंग बसवलं. त्यांचे हात त्या कामाला सोन्यासारखे होते, हे मिस्त्रीही कबूल करत, फक्त मला ते सांगायला सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊबाई कांदे काढायला वावरात होतो. शेडमध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं. सकाळी भाऊजी गॅसची टाकी आणायला शहरात गेले होते, दुपारी परत आले. आम्ही उन्हं कलल्यावर घरी आलो. कमरा मोडल्या होत्या, नखांत माती, अंगाला कांद्याचा वास. गाडीत कंप्रेसर चढलेला दिसला. भाऊजी पट्टा ताणत होते, मिस्त्री उंबऱ्यावर आईशेजारी बसले होते.

त्या संध्याकाळी विहिरीवर कपडे धुताना मिस्त्रींच्या सदऱ्यावर पोटापाशी तेलाचा डाग दिसला.

"हे काय सांडलंत?"

"कंप्रेसरला घालताना सांडलं," ते हळू म्हणाले. "चोळ जरा. त्याला दिसायला नको."

मी चोळलं. डाग काही गेला नाही.

पुढचे दिवस त्या गाडीने आम्हाला रडवलं. भाऊजींनी सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. जुन्या फ्रिजमधून काढलेला, मडक्यासारखा काळा पंप लावून आतली हवा ओढून काढली. तो पंप गुरगुरत असे आणि त्याच्याजवळ आमचं मांजर झोपत असे. मग गॅस भरला. गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं, कंप्रेसर टक्‌ करून लागला. दोघा भावांनी डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्यांपुढे हात धरले. एकाने डावीकडच्या, एकाने उजवीकडच्या.

"सांग त्याला, कोमट आहे," मिस्त्री म्हणाले.

"वहिनी, मलाही हात आहेत म्हणावं."

फुलवाली बघायला आली होती. तिनेही हात घातला. "चुलीची फुंक बरी याच्यापेक्षा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून परत चालत गेली. तेव्हा ती फुलं भाड्याच्या उघड्या टेम्पोतून पाठवत होती.

मग शोध सुरू झाला. भाऊजींना वाटलं, आतला ओलावा शोषणारी बाटली खराब झाली असेल. ती बदलली. पुन्हा पंप, पुन्हा गॅस, पुन्हा कोमट. मिस्त्रींना वाटलं, गाडीच्या पुढच्या जाळीत मळ्यातला काडीकचरा अडकून तिचे पातळ पत्रे वाकलेत, म्हणून उष्णता बाहेर पडत नाही. त्यांनी मला उवांची फणी आणायला सांगितली.

"कुणाच्या डोक्यात झाल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडीच्या," मी म्हटलं.

मी आणि जाऊबाईंनी एक अख्खी दुपार त्या गाडीपुढे मांडी घालून तिची वेणीफणी केली. एकेक पत्रा सरळ करायचा, आतला कचरा काढायचा. मान अवघडली, फणीचे दात मोडले, बोटांना कापलं. वर पत्रे तापून कडकड वाजत होते. जाऊबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, ही गार झाली की आम्ही जाणार ना हो?"

"ठरलंय तसं."

"मला फाट्यावर नको. तिथे रात्रंदिवस ट्रक." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि लेकीला आजीशिवाय झोप येत नाही."

आम्ही जाळी अगदी आरशासारखी केली. गाडी कोमट ती कोमटच.

त्या संध्याकाळी सासूबाईंना दाणे निवडताना एकटंच पुटपुटताना ऐकलं. मला वाटलं देवाचं काही म्हणतायत. जवळ गेले तर म्हणत होत्या, "अशीच राहा गं बये. अशीच कोमट राहा."

"आई, कुणाला म्हणताय?"

"त्या गाडीला." त्यांना जरासुद्धा संकोच वाटला नाही. "ती गार झाली की माझं घर फुटलं. फुलं काय, पुढच्या मोसमात पुन्हा येतील."

 खरं तर माझ्याही मनात तेच होतं. गाडी अडली होती तोवर दोघं भाऊ सकाळी एकाच वेळी शेडमध्ये येत होते, एकाच बादलीत हात धूत होते. अबोला असला तरी खोकला ऐकू येत होता. पण दुसऱ्या दिवशी फुलवाली आली ती हातात गुलाबांची एक जुडी घेऊन. टेम्पोतून परत आलेली. पाकळ्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, माना खाली. तिने ती जुडी ओट्यावर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "जमत नसेल तर तसं सांगा. मी गाडी ओढून शहरात नेते. राग नाही माझा."

मिस्त्रींनी त्या फुलांकडे बघितलं. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले. ती अंगणातल्या पायरीवर टेकली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं.

मिस्त्री ओट्याखाली वाकून तेलाचा डबा बाहेर काढत होते. डबा हातात घेऊन त्यांनी हलवला. मग मला खुणेने बोलावलं. "डबा फार हलका लागतोय. विचार त्याला, दुसऱ्या कुठल्या कामाला तेल घेतलं का? मला काही हिशेब नकोय, नवा मागवायचा म्हणून."

गाडी त्या दिवशी शेडबाहेर, अंगणाच्या दुसऱ्या कडेला उभी होती. मी अंगण ओलांडून गेले. भाऊजी गाडीपलीकडे नळ्या पुसत होते. निरोप ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दुसरं काम कुठंय वहिनी? महिनाभर ही एकच बया उरावर बसलीय. कंप्रेसरला भरलं तेवढंच घेतलं. तुम्ही कांद्यात होतात ना, त्या दुपारी. बाटलीत जुन्या तेलाचं माप तसंच होतं, ते ओतून दिलं, तेवढंच नवं मोजून घातलं आणि कंप्रेसर चढवला. सांगा त्यांना, मी तेल पीत नाही."

मी वळले. अंगणाच्या मध्यावर आले आणि माझे पाय थांबले.

मला तो सदरा आठवला. कंप्रेसरला घालताना सांडलं.

मिस्त्रींनी तेल घातलं होतं. सकाळी, भाऊजी शहरात असताना. हात हलतो ते कुणी बघू नये म्हणून एकट्याने, आणि घालून झाल्यावर पाठ टेकायला घरात आले होते. रेघ बघून डब्यातूनच अंदाजाने ओतलं असणार, म्हणून बाटलीतलं जुनं तेल तसंच राहिलं. दुपारी भाऊजींनी ती भरलेली बाटली बघितली, त्यांना वाटलं माप काढून ठेवलंय, नवं घालायचं राहिलंय. त्यांनी तितकंच पुन्हा घातलं. सांगायला मी नव्हते, आणि विचारायला दोघांनाही तोंड नव्हतं. कंप्रेसरच्या पोटात दुप्पट तेल गेलं, ते नळ्यांमधून डॅशबोर्डामागच्या, हवा गार करणाऱ्या आतल्या जाळीत जाऊन बसलं, आता गॅसने गारवा द्यायचा तरी कुठून?

दोघांची दोन वाक्यं होती, आणि ती दोन्ही फक्त माझ्याकडे होती.

ऊन टाळूवर तापत होतं. उंबऱ्यावरून सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या म्हाताऱ्या बाईला तोंडं वाचता यायची. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि हलकेच मान हलवली, नको. सांगितलं की गाडी गार होणार, आणि गार झाली की ओट्यावर हत्यारांच्या दोन राशी पडणार. पायरीवर फुलवाली पदराने वारा घेत होती. ओट्यावर ती जुडी होती.

मी तिथेच, अंगणात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "हा निरोप मी पोचवणार नाही. दोघांनी इथं येऊन ऐका."

मिस्त्रींनी मान वर केली. भाऊजी गाडीच्या कडेने दोन पावलं पुढे आले.

"त्या दिवशी सकाळी ह्यांनी कंप्रेसरला तेल घातलं. आणि दुपारी भाऊजींनीही घातलं."

  मग उंबऱ्यावरून सासूबाईंचा सुस्कारा आला. "दोन जावा बोलेनाशा झाल्या की कालवणात मीठ दोनदा पडतं. इथे दाढीमिशीवाल्या जावा निघाल्या."

फुलवाली हसली. आधी ती हसली, मग जाऊबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. भाऊजींचे कान लाल झाले होते. मिस्त्री हातातला डबा बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी सरळ भावाकडे बघून तोंड उघडलं.

"जुनं तेल ओतून द्यायला हवं होतं मी. बाटली भरलेली दिसल्यावर तू तरी काय समजणार?"

"मी विचारायला हवं होतं," भाऊजी म्हणाले. "विचारायला काय पैसे पडतात?"

"उतरव खाली."

"उतरवतो."

याहून जास्त काही बोलणं झालं नाही. पण मला निरोप न्यायला कुणी सांगितलं नाही, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते मला कळेना. मी चहा टाकला.

कंप्रेसर खाली उतरला. उलटा केला तसं त्यातून तेल आलं ते थांबेचना. दोघांनी मिळून नळ्या सोडवल्या, पंक्चरवाल्याकडून हवेची टाकी आणून आतल्या जाळीतून हवा फुंकली. फडक्यावर तेलाचे शिंतोडे उडाले, मिस्त्रींच्या सदऱ्यावर आणखी डाग पडले. फुलवाली घरी गेली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मग बाटली स्वच्छ पुसून ओट्यावर ठेवली गेली. मिस्त्रींनी डब्यातलं उरलेलं तेल बाटलीत रेघेपर्यंत ओतायला घेतलं. त्यांचा हात हलला. धार बाटलीच्या तोंडावरून ओघळून बाहेर आली.

भाऊजी शेजारीच उभे होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो हात थोडा उचलला गेला आणि मग त्यांनी तो मागे नेऊन कमरेवर ठेवला. त्यांनी डबा घेतला नाही. ते गाडीकडे बघू लागले, जणू तिथे काही काम राहिलं होतं.

मिस्त्रींनी पुन्हा ओतायला घेतलं, थांबले. फुलवाली बघत होती, मी बघत होते, त्यांची आई बघत होती.

"माझा हात हलतो," ते म्हणाले. हवा गरम आहे असं म्हणावं तितक्या साध्या आवाजात. "तू ओत. मी रेघ बघतो."

भाऊजींनी डबा घेतला. सरळ, बारीक धार पडली. मिस्त्री डोळे बारीक करून बाटलीशी वाकले होते. "बस," ते म्हणाले. धार थांबली.

तेल कंप्रेसरमध्ये गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "आणि एक. यापुढे ज्यानं तेल घातलं त्यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं. मग आपसात भांडण असो, काही असो."

भाऊजी समोरच उभे होते, हातभर अंतरावर. तरी त्यांनी शेड दणाणेल असा आवाज काढला. "दादा, तेल घातलं!"

"ऐकलं," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या सकाळी गाडी चालू केली. कंप्रेसर टक्‌ करून लागला. थोड्या वेळाने डॅशबोर्डवरच्या जाळ्यांवर दव धरलं. फुलवालीने आत हात घातला आणि झटकन काढला, चटका बसावा तसा. मग पुन्हा घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

गाडी धूळ उडवत गेली. सासूबाई उठून आत गेल्या. हत्यारं वाटताना त्यांना बघायचं नव्हतं.

दोघं भाऊ ओट्यापाशी आले. मिस्त्रींनी पान्यांची पेटी उघडली, लोखंड आवळून धरणाऱ्या मोठ्या व्हाइसवर हात ठेवला, काळ्या पंपाकडे बघितलं. पंपावर मांजर झोपलं होतं.

"हा एकच आहे," ते म्हणाले.

"एकच आहे," भाऊजी म्हणाले.

"कापून वाटता यायचा नाही."

"मांजरही तुटेल."

पेटीचं झाकण मिस्त्रींनी पुन्हा लावलं.

भाऊजींनी फाट्यावरचा गाळा घेतलाच. घ्यायलाच हवा होता, गाड्या आता तिकडून जाऊ लागल्या होत्या. पण झोपायला ते इथेच येत, आणि पंप सायकलवरून इकडून तिकडे जात असे. पुढे शेडमध्ये काम राहिलं नाही तेव्हा मिस्त्रीही त्याच सायकलच्या मागे बसून फाट्यावर जाऊ लागले. तिथे त्यांच्यासाठी लोखंडी खुर्ची होती. तिच्यात बसून ते कंप्रेसरचा आवाज ऐकत आणि बिघाड सांगत. हात फार हलू लागला तेव्हा भाऊजी रोज सकाळी त्यांची दाढी करून देत. त्यांच्या गालावर कधी एक ओरखडा उठला नाही. मिस्त्रींना जाऊन आता बारा वर्षं झाली.

सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या, शेवटपर्यंत तोंडाने तिखट. जाऊबाई गुडघ्यांनी हैराण आहेत, पण आम्ही दोघी अजून एकाच चुलीवर आहोत आणि मीठ घालण्याआधी विचारतो. ती लेक, जिची बाटली होती, ती आता दोन मुलांची आई आहे. ती बाटली तिला दिली नाही, बाटलीला तेलाचा वास बसलाय. फुलवालीने पुढे फुलांसाठी थंड पेटीची मोठी गाडी घेतली. मिस्त्री गेले त्या दिवशी तिने मळ्यातली पहाटेची सगळी तोड आमच्या दारात आणून उतरवली आणि बाजाराला काहीच पाठवलं नाही. आता मळा तिची सून बघते.

भाऊजीही थकले. गाळ्यात चार कामगार आहेत, नव्या पद्धतीची यंत्रं आहेत. मी कधीतरी दुपारची त्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसते. त्या कामगारांतल्या एकानेही मिस्त्रींना पाहिलेलं नाही. पण कंप्रेसरमध्ये तेल घालून झालं की जो कोणी घालतो तो मान वर करून ओरडतो, "दादा, तेल घातलं!" दादा कोण, हे त्यांना ठाऊक नाही. कामाची तीच रीत आहे असं ते समजतात.

भाऊजी मान वर करत नाहीत, हातातलं काम करत राहतात. मग खुर्चीतून मीच म्हणते, "ऐकलं."